बारा पदके टेबलावरच राहिली

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात नाशिकमध्ये शालेय मुलींच्या एका कबड्डी स्पर्धेचा अंतिम सामना झाला. ३१-३० असा, एका गुणाने त्याचा निकाल लागला. बक्षीस समारंभात उपविजेत्या संघाचे नाव पुकारले गेले तेव्हा पुढे यायला कोणीच नव्हते, कारण संघाच्या शिक्षकांनी मुलींना बसमध्ये बसवून केव्हाच नेले होते. निळ्या फितीची बारा रौप्यपदके टेबलावर तशीच राहिली. मी त्या सामन्याला गुणलेखक म्हणून बसलो होतो. त्याआधी तीस वर्षांहून अधिक काळ मी क्रीडाशिक्षक म्हणून नोकरी केली आहे आणि असंख्य सामन्यांना पंच म्हणून उभा राहिलो आहे, त्यामुळे मैदानावरचे रुसवे-फुगवे मला नवीन नाहीत. तरीही त्या दिवशीचा प्रकार मनातून जात नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. शाळेचे आणि स्पर्धेचे नाव मी लिहिणार नाही. मुली अजून त्याच शाळेत शिकत आहेत, आणि दोष एकाच शाळेचा असता तर वृत्तपत्राची जागा अडवण्याची गरजही नव्हती.

शेवटच्या चढाईविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण पुढचे सगळे तिच्यावरून झाले. घड्याळात पाऊण मिनिट उरले होते. एका गुणाने मागे असलेल्या संघाची कर्णधार चढाईला गेली. मुलगी चपळ, कोपऱ्याकडे झुकल्याचे दाखवून मधूनच बोनस घेण्याची तिची हातोटी मी संबंध स्पर्धेत पाहिली होती. या वेळीही तिचा पुढचा पाय बोनस रेषेच्या पलीकडे टेकला, मागचा पाय हवेत होता, आणि कोणाच्या हाती न लागता ती मध्यरेषेवर परत आली. अंगठा वर करून तिने बोनस मागितला. पंच म्हणून उभ्या असलेल्या बाईंनी हात हलवून नकार दिला आणि प्रेक्षकांतून एकच ओरड उठली, कारण पाय रेषेपलीकडे गेलेला सर्वांनी पाहिला होता. बहुतेकांनी जे पाहिले नाही ते एवढेच, की समोर पाचच मुली उभ्या होत्या. बोनस गुण समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच मिळतो. दोघी बाद होऊन बाहेर बसलेल्या असताना पाय कितीही स्वच्छ पडला तरी गुण नाही. उरलेले काही सेकंद समोरच्या संघाने रिकाम्या चढाईत काढले आणि शिट्टी वाजली.

शिट्टीनंतर ती कर्णधार थेट माझ्या टेबलापाशी आली. धापा टाकत होती, गुडघ्याला माती लागलेली होती. तिने मैदानाकडे पाहून बोटांवर मोजले आणि मला विचारले, ‘‘सर, पाचच होत्या ना?’’ मी हो म्हणालो. तिने मान हलवली, परत गेली आणि समोरच्या संघाच्या कोपरारक्षक मुलीच्या हातात हात दिला. अर्ध्या मिनिटाचाही हा प्रसंग नसेल. त्या मुलीपुरता सामना तिथे संपला होता.

त्यानंतर तिचे शिक्षक मैदानात आले. पंचांशी हुज्जत घालून झाल्यावर त्यांनी त्या कर्णधाराला दंडाला धरून बाजूला नेले आणि ‘‘हात कसला मिळवतेस? आपल्याला हरवलंय, आपण हरलो नाही,’’ असे सर्वांदेखत सुनावले. हे शिक्षक स्वतः जिल्हा पातळीवर खेळलेले आहेत. बोनसचा नियम त्यांना ठाऊक नसेल असे मी मानत नाही. रागाच्या भरात त्यांनी समोरच्या मुली मोजल्या नसाव्यात, आणि नंतर मोजण्याची इच्छा राहिली नसावी. पालकही आत आले. कोणी म्हणाले पंच विजेत्या शाळेच्या बाजूला राहतात, कोणी म्हणाले सगळे आधीच ठरले होते. मघापर्यंत शांत असलेल्या त्या बारा मुली पाच मिनिटांत रडू लागल्या. मुली हरल्या म्हणून रडल्या असत्या तर मला काही वाटले नसते. हरल्यावर रडू येते, आणि यावेही. पण त्या रडल्या ते आपल्यावर अन्याय झाला असे मोठ्यांनी सांगितल्यावर.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. त्या सामन्यात पंचांकडून एकही चूक झाली नाही असे मी म्हणणार नाही. पूर्वार्धात याच संघाची एक बचावपटू राखीव क्षेत्रात, म्हणजे मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या कडेच्या पट्ट्यात, गेली म्हणून तिला बाद दिले गेले. झटापट सुरू होण्याआधी राखीव क्षेत्रात पाय पडला तर खेळाडू बाद होतो, आणि चढाई करणारीचा स्पर्श झाल्यावर तेच क्षेत्र खेळाचा भाग बनते. माझ्या टेबलावरून मला असे दिसले की स्पर्श आधी झाला होता आणि पाय नंतर पडला. पण मी एका बाजूला बसलो होतो आणि पंच रेषेवर उभे होते, तेव्हा माझेच खरे असे छातीठोकपणे सांगता येत नाही. एका गुणाने सुटलेल्या सामन्यात तो गुण लहान नव्हता, हे मात्र मान्य केलेच पाहिजे. मला खटकते ते असे, की त्या क्षणी कोणीही काही विचारले नाही. कर्णधाराने सरपंचांकडे, म्हणजे सामन्याच्या मुख्य पंचांकडे, जाऊन खुलासा मागायला हवा होता, तिला तो अधिकार आहे. संघ व्यवस्थापकाला सामन्यानंतर ठरावीक वेळेत, ठरावीक शुल्क भरून लेखी हरकत घेता येते. त्यातले काहीच झाले नाही. संघ तेव्हा चार गुणांनी पुढे होता, म्हणून तो निर्णय कोणाला टोचला नाही. शेवटची शिट्टी वाजल्यावर मात्र तो सर्वांना एकदम आठवला, आणि हरकत घेतली गेली ती शेवटच्या बोनसवर, जो नियमाने नव्हताच. लेखी कागद तर कोणी दिलाच नाही. लेखी द्यायचे म्हटले की नियमाचे कलम लिहावे लागते, खाली सही करावी लागते. आरडाओरड्याला सही लागत नाही.

याच राखीव क्षेत्राच्या नियमावरून केवढा पेच होऊ शकतो हे आपण सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिले आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत आणि इराण यांच्यातला पुरुषांचा अंतिम सामना २८-२८ अशा बरोबरीत असताना पवन सेहरावत कोणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला, त्याच्यामागे इराणचे बचावपटूही गेले, आणि जुना नियम लावायचा की नवा यावर पंचांनाच निर्णय करता येईना. निर्णय फिरले, दोन्ही संघांनी आक्षेप घेतले, खेळाडू मॅटवर बसून राहिले, जवळपास तासभर सामना थांबला. आपल्या नाशिकचा आकाश शिंदे त्या भारतीय संघात होता. सुवर्णपदक पणाला लागलेले असताना इतका गोंधळ झाला, तरी खेळ पुन्हा सुरू झाल्यावर दोन्ही संघ उतरले आणि सामना ३३-२९ असा पूर्ण झाला. त्याच दिवशी भारताच्या महिलांनी चिनी तैपेईला २६-२५ असे हरवून सुवर्ण मिळवले होते, आणि तेही एकाच गुणाने. आपल्या बाजूने पडलेल्या त्या एका गुणाचे फटाके आपण वाजवले. तोच एक गुण विरुद्ध बाजूला पडला की त्यात काळेबेरे दिसू लागते.

हरकत घेणे म्हणजे रडीचा डाव नव्हे, हे मला मुद्दाम लिहायचे आहे, कारण माझ्या या मतावर काही सहकारी ‘‘मग अन्याय सहन करायचा का?’’ असे विचारतात. २०२० सालच्या ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिंपियाडचे उदाहरण घ्या. भारतीय संघाचा कर्णधार आपल्याच नाशिकचा विदित गुजराथी होता. रशियाविरुद्धच्या अंतिम लढतीच्या दुसऱ्या फेरीत निहाल सरीन आणि दिव्या देशमुख यांचा इंटरनेटचा संपर्क तुटला, वेळ संपून त्यांचे डाव गेले आणि रशिया विजयी ठरला. भारताने रीतसर अपील केले, त्यावर विचार झाला आणि दोन्ही देशांना संयुक्त सुवर्णपदक देण्यात आले. इथे कोणी रडीचा डाव खेळला असे म्हणता येणार नाही. पण आपण ज्याकडे सोयीने दुर्लक्ष करतो तो भाग त्याच स्पर्धेत आधी घडला होता. उपांत्यपूर्व फेरीत आर्मेनियाच्या एका खेळाडूचा संपर्क भारताविरुद्ध खेळताना असाच तुटला होता. आर्मेनियाचे अपील फेटाळले गेले आणि त्यांनी दुसरी लढत खेळण्यास नकार देऊन स्पर्धाच सोडली. त्यांचा संताप मी समजू शकतो, आणि पुढे अंतिम फेरीत जे झाले ते पाहून त्यांना काय वाटले असेल याचीही कल्पना करता येते. तरीही दुसरी लढत त्यांच्या हाती होती. ती खेळून जिंकण्याची वाट त्यांनी स्वतःच बंद केली, हे मला आजही चुकीचे वाटते.

कुस्तीत याहून वाईट पाहावे लागले. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत निकाल मान्य नाही म्हणून एका नामांकित मल्लाने पंचाला लाथ मारली, दुसरा वाद घालून मैदान सोडून गेला आणि दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. नावे सर्वांना ठाऊक आहेत, पुन्हा लिहीत नाही. त्या कुस्तीचा निकाल घाईत दिला गेला असे मत अनेक जाणकारांनी मांडले होते आणि त्यात तथ्य असूही शकेल. पण लाथ उचलली गेल्यावर निकाल बरोबर होता की चूक यावर बोलायला कोणी उरलेच नाही, सगळी चर्चा लाथेची झाली. आणि त्याच किताबासाठी जानेवारी २०२० मध्ये पुण्यात बालेवाडीला झालेली अंतिम कुस्ती आठवा. नाशिककडून खेळणाऱ्या हर्षवर्धन सदगीरने लातूरच्या शैलेश शेळकेला अगदी थोडक्यात हरवले आणि गदा घेण्याआधी शैलेशला खांद्यावर उचलून घेतले. माझ्या डोळ्यांसमोर मात्र नेहमी खांद्यावर बसलेला शैलेश येतो. गदा हातची गेल्यावर काही क्षणांतच जिंकणाऱ्याच्या खांद्यावर बसून प्रेक्षकांना सामोरे जायला मन मोठे लागते. दोघे एकाच तालमीत, काका पवारांच्या हाताखाली घडलेले. ते मन तालमीत घडते, आणि तालीम चालवणारा कसा वागतो त्यावर घडते, असे माझे ठाम मत आहे.

हे मी अधिकाराने लिहू शकतो, कारण एकदा मी स्वतः याच्या उलट वागलो आहे. नोकरीची पहिली चार-पाच वर्षे असतील. मालेगावला झालेल्या एका स्पर्धेत माझा मुलांचा संघ उपांत्य फेरीत दोन गुणांनी हरला. एका पकडीचा निर्णय मला पटला नव्हता. परतीच्या एसटीत मी मागच्या बाकावर मुलांना घेऊन बसलो आणि चांदवड येईपर्यंत पंचांच्या नावाने बोलत राहिलो. मुलांना बरे वाटावे एवढाच माझा हेतू होता, आणि त्यांना बरे वाटलेही. त्या संघातला डावा कोपरा सांभाळणारा मुलगा अतिशय गुणी होता. घोट्याची पकड मात्र त्याची कच्ची होती, हात घातला की निसटायचा. त्या सामन्यात समोरच्या चढाईपटूने त्याच्याच बाजूने पाच गुण नेले होते. खरे तर दुसऱ्या दिवशी मी त्याला मैदानावर घेऊन फक्त घोट्याच्या पकडीचा सराव करून घ्यायला हवा होता. पण आम्ही हरलो ते पंचामुळे, असे मीच सांगून बसलो होतो. मग सराव कशाचा करायचा? पुढच्या वर्षी तो त्याच पकडीत पुन्हा पुन्हा सुटला आणि अकरावीत त्याने खेळ सोडला. आज तो चांगला व्यवसाय करतो, भेटला की पाया पडतो. काही वर्षांपूर्वी एका लग्नात भेटला तेव्हा त्याने आपल्या मुलाला माझी ओळख करून देताना मालेगावचा तो सामना सांगितला आणि म्हणाला, ‘‘तेव्हा आम्हाला हरवलं होतं, नाही का सर?’’ पंचवीस वर्षे झाली होती. माझे वाक्य त्याच्याजवळ जसेच्या तसे होते. घोट्याची पकड मात्र मी त्याला दिलीच नाही.

म्हणूनच त्या दिवशी मैदानावर तेच वाक्य जवळजवळ त्याच शब्दांत कानी पडले तेव्हा मला खुर्चीवर बसवेना. ती कर्णधार स्वतः पाच मुली मोजून आली होती. पुढच्या वेळी बोनसला जाण्याआधी समोरच्या खेळाडू मोजायच्या आणि पाचच असतील तर स्पर्शाचा गुण घ्यायचा, हे तिला त्या अर्ध्या मिनिटात उमगले असणार. एका पराभवातून याहून मोलाचे काय मिळणार? आणि नेमके तेच तिच्या हातून काढून घेतले गेले.

सामन्यानंतरच्या दोन दिवसांत आणखी काही घडले. पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर त्या चढाईची एक चित्रफीत फिरली. आठ-दहा सेकंदांची ती चित्रफीत फक्त रेषेपलीकडे टेकलेला पाय दाखवते, समोर किती मुली उभ्या आहेत ते तिच्यात दिसतच नाही. तिच्याखाली त्या पंच बाईंबद्दल जे लिहिले गेले ते मी इथे लिहू शकत नाही. या बाई स्वतः राज्य स्पर्धा खेळलेल्या आहेत, एका शाळेत शिकवतात आणि सुटीच्या दिवशी जेमतेम प्रवासखर्च निघेल एवढ्या मानधनावर दिवसभर उन्हात उभ्या राहतात. निर्णय त्यांचा बरोबर होता. त्यांनी मला फोन करून सांगितले की पुढच्या हंगामात मी शिट्टी हातात घेणार नाही, घरचे नको म्हणतात. मुलींच्या सामन्यांना महिला पंच मिळवताना आयोजकांची किती धावपळ होते हे मैदानाशी संबंध असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यांच्यातल्या एक चांगल्या पंच आपण अशा रीतीने घरी बसवल्या.

त्याच गटावर पुढे दुसरा सूर निघाला, आणि तो मला पहिल्याहून घातक वाटतो. ‘‘या स्पर्धेला तसाही काय अर्थ आहे, अशा प्रमाणपत्राला कोण विचारतो, आम्ही तर मुलींना अनुभव म्हणून पाठवले होते.’’ उपांत्य सामना जिंकल्यावर याच मंडळींनी चौकात अभिनंदनाचा फलक लावला होता. कोल्ह्याला द्राक्षे आंबट ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो, पण ज्या जिल्ह्यात द्राक्षावर हजारो घरे चालतात तिथे तरी ती वेगळ्या कानाने ऐकावी. निफाड-दिंडोरीकडचा बागायतदार हाती न आलेल्या घडाला आंबट म्हणत नाही. मणी चाखतो, रिफ्रॅक्टोमीटरवर गोडी मोजतो आणि मग आपल्या बागेचे काय चुकले ते बोलतो. अंतिम फेरीपर्यंत पोहोचलेल्या मुलींनी जून महिन्यापासून पहाटे साडेपाचला उठून घाम गाळला होता. स्पर्धा फुटकळ होती असे म्हटले की हा सगळा घामही फुटकळ ठरतो, आणि तो मुलींचा आहे, आपला नव्हे.

पालकांची बाजू मला अजिबात कळत नाही असे नाही. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठी वरच्या पातळीपर्यंत जावे लागते. तालुका किंवा महापालिका, मग जिल्हा, विभाग, राज्य अशा या शिडीत एका पायरीवर एक गुण कमी पडला की वर्ष गेले. रिक्षा चालवून किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्यात पाळी करून मुलीच्या बुटांसाठी आणि दुधासाठी पैसे बाजूला काढणाऱ्या बापाला तो गुण किती मोठा वाटत असेल! त्याचा राग खरा आहे. पण तो राग मुलीच्या कानात ओतला तर तिला मिळायचे ते प्रमाणपत्र काही मिळत नाही.

अन्याय झाल्याची भावना मनात असताना काय करता येते याचे उदाहरण शोधायला नाशिककरांना दूर जावे लागत नाही. वर्षानुवर्षे नाशिकमध्ये मुलींना कबड्डी शिकवणाऱ्या शैलजा जैन यांना भारतीय संघाच्या प्रशिक्षकपदाची संधी मिळाली नाही, आणि ही खंत त्यांनी लपवूनही ठेवली नाही. त्यांनी इराणच्या महिला संघाची जबाबदारी घेतली, परक्या देशात जाऊन तिथल्या मुलींची भाषा शिकल्या, आणि २४ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या संघाने २०१० आणि २०१४ च्या विजेत्या भारताला २७-२४ असे हरवले. त्या दिवशी मला भारत हरल्याचे दुःख झाले आणि शैलजाताईंचा अभिमानही वाटला, आणि या दोन्ही भावना एकाच मनात मावतात हे मला तेव्हा कळले. माझ्या ओळखीतल्या काहींना ते मावले नाही, ते त्यांना देशाविरुद्ध गेल्याचा दोष देत राहिले. योगायोग असा की त्याच दिवशी, त्याच स्पर्धेत, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ नौकानयनात चौघांच्या संघातून सुवर्णपदक जिंकत होता. आदल्या दिवशी आजारी अंगाने एकेरीच्या शर्यतीत उतरलेला हाच दत्तू सर्वांत शेवटी आला होता. रात्री त्याने काय विचार केला मला माहीत नाही. सकाळी तो वल्हे घेऊन पाण्यात होता, एवढे सर्वांनी पाहिले.

आयोजकांनाही माझे सांगणे आहे, कारण मैदानावरचा अर्धा संशय अपुऱ्या माहितीतून येतो. गुणफलक प्रेक्षकांना दिसेल असा लावावा आणि त्यावर गुणांबरोबर मैदानात किती खेळाडू उरले तेही दिसावे. तो आकडा त्या दिवशी दिसला असता तर निम्मी ओरड उठलीच नसती. खेळाडूंच्या वयाची आणि शाळेची कागदपत्रे पहिल्या सामन्याआधी सर्व संघ व्यवस्थापकांसमोर तपासावीत. हरल्यावर समोरच्या संघातल्या मुलीचे वय काढण्याची रीत मग आपोआप थांबेल. अंतिम सामन्याचे संपूर्ण मैदान दिसेल असे चित्रीकरण एका मोबाइलवरही होऊ शकते, ते करून ठेवावे. आणि बक्षीस समारंभासाठी पाहुण्यांची तासभर वाट पाहण्यापेक्षा शिट्टीनंतर दहा मिनिटांत दोन्ही संघांना एकत्र उभे करून पदके द्यावीत. त्या दिवशी पाहुणे वेळेवर आले असते तर मुली निघून जाण्याआधीच पदके त्यांच्या गळ्यात पडली असती, असे मला राहून राहून वाटते. शाळांनी पदक नाकारून संघ नेणाऱ्या शिक्षकाला निदान खुलासा विचारावा. त्या बारा मुलींचे पदक नाकारण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला, एवढा एकच प्रश्न पुरे.

आता त्या पदकांविषयी. आयोजकांनी दोनदा शाळेत निरोप पाठवला; पदके स्वीकारणार नाही असे उत्तर आले, म्हणून त्यांनी ती माझ्याकडे ठेवायला दिली. मी रोज संध्याकाळी मुलामुलींचा सराव घेतो. साधारण दहा दिवसांनी ती कर्णधार तिच्या दोन मैत्रिणींना आणि आजीला घेऊन तिथे आली. तिने पदक मागितले नाही, ते तुमच्याकडे आहे का एवढेच विचारले. मी पिशवीतून तीन पदके काढली. आजींनी नातीच्या गळ्यात पदक घालताना ‘‘एकच गुण ना गं?’’ असे विचारले आणि ती म्हणाली, ‘‘हो आजी, पाचच होत्या.’’ मग तिने मला विचारले की पाच जणी असताना शेवटच्या अर्ध्या मिनिटात काय करायला हवे होते. अंधार पडेपर्यंत आम्ही तेच करत होतो.

उरलेली नऊ पदके माझ्या कपाटात जपून ठेवली आहेत. ज्या मुलींची ती आहेत त्यांच्या पालकांनी हे पत्र वाचले तर मुलीला सोबत घेऊन कोणत्याही संध्याकाळी साडेपाचनंतर मैदानावर यावे. मैदान कोणते, ते त्या कर्णधाराला ठाऊक आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
पंचवटी, नाशिक